मेदपेशींची घडण आणि पेशीभोवतालची परिस्थिती

शरीरातील मेद हा केवळ आहाराचा परिणाम होय, असा सर्वसाधारण समज आहे. आहार व संप्रेरके यांचे महत्त्व निर्विवादच आहे. तथापि पेशीला पसरावयास किती जागा मिळते, तिच्याखालचा पृष्ठभाग मऊ आहे की कठीण आणि तिच्यावर किती ताण पडतो, यांवरही मेदपेशीची घडण अवलंबून असते, असे संशोधनाने दाखवून दिले आहे.

एक पेशी, दोन वाटा

हाडांच्या पोकळीतील मज्जेत काही मूलपेशी असतात. त्यांपासून हाड बांधणाऱ्या अस्थिपेशी तयार होतात, तशाच मेद साठविणाऱ्या मेदपेशीही. मूलपेशीने कोणती वाट धरावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्‌बोधक आहे. मानवी मूलपेशी लहानमोठ्या चिकट ठिपक्यांवर वाढविण्यात आल्या. पोषक द्रव सर्वांना एकच होता. सुमारे १,००० चौरस मायक्रोमीटरच्या ठिपक्यावरील पेशी गोलसर राहिल्या व मेदपेशी बनल्या. १०,००० चौरस मायक्रोमीटरच्या ठिपक्यावरील पेशी पसरल्या व अस्थिपेशींच्या मार्गाला लागल्या.

ताणाचे कार्य

पेशीच्या आत सूक्ष्म तंतूंचे जाळे असते. पसरलेली पेशी या तंतूंच्या साहाय्याने पृष्ठभागाला ओढून धरते व तिच्यात ताण निर्माण होतो. ऱ्हो-ए नावाचे प्रथिन या ताणाचे नियमन करते. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन निष्क्रिय केले असता मूलपेशी मेदपेशींकडे वळल्या. ते सतत सक्रिय ठेवले असता अस्थिपेशींकडे वळल्या. मऊ पृष्ठभागावर पेशीला असा ताण धरता येत नाही. त्यामुळे तो मेदपेशींच्या घडणीस अनुकूल ठरतो.

हालचालीचे महत्त्व

शरीर निश्चल राहिल्यास हाडांवरील भार कमी होतो. ६० दिवस अंथरुणावर पडून राहिलेल्या निरोगी स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांतील मज्जेत मेद वाढल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. हिंडूफिरू लागल्यावर वर्ष लोटले, तरी तो पूर्ववत झाला नव्हता. उतारवयात हाडे विरळ होतात, त्या वेळीही मज्जेतील मेद वाढतो.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मानवी शरीराला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. परंतु चालणे, खेळणे व अंगमेहनत यांचा उपयोग केवळ साठलेला मेद खर्च करण्यापुरता नाही, हे यावरून ध्यानात येते. हाडांवर पडणारा योग्य भार त्यांच्या जडणघडणीचाच एक आधार होय. शाळेतील खेळाचा तास आणि वृद्धांचा नित्य फेरफटका यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.