‘येतो रे, नक्की!’ची किंमत किती?

कॉलेजच्या स्नेहमेळाव्याचा हिशेब मांडायला बसले की सगळी समिती ताटाच्या दरावर तुटून पडते. केटररकडून पन्नास रुपये कमी करून घेतले की गड जिंकल्याचा आनंद होतो. पण असे मेळावे तोट्यात जातात ते येणाऱ्यांच्या आकड्यामुळे. ताटाचा दर त्यात नावालाच असतो.

समजा, सांगलीत इंजिनीअरिंग करून २००१ साली बाहेर पडलेली ८० जणांची बॅच आहे. निम्मे पुण्या-मुंबईत, काही बंगळूरला, पाचसात अमेरिका-दुबईत. पंचविशीचा मेळावा डिसेंबरात. हॉल, साउंड, फोटोग्राफर आणि सरांचा सत्कार मिळून ८०,००० रुपये. माणसे कितीही आली तरी हा खर्च बदलत नाही. नाश्ता, दोन जेवणे आणि चहा माणशी १,२००. ५ टक्के जीएसटी धरून १,२६०. ग्रुपवर साठ जणांनी अंगठा दाखवला, म्हणून वर्गणी ठरली २,६००, आणि केटररला साठ ताटांची गॅरंटी दिली. प्रत्यक्षात आले चाळीस. खर्च झाला १,५५,६०० आणि जमा १,०४,०००. उरलेले ५१,६०० कोण भरणार? बहुधा ज्याने हौसेने पुढाकार घेतला तोच. आकडे आपापल्या गावच्या कोटेशनप्रमाणे बदला, गणित हेच राहील.

म्हणून संपर्काचे काम आधी, हॉल नंतर. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १,०२४ माणसे मावतात, जागेची अडचण नाही. पण ग्रुपवर बोलणारे नेहमीचे आठ-दहा. बाकीच्यांना फोनच करावा लागतो. जुनी रोल नंबरची यादी काढा आणि पाच जणांत सोळा-सोळा नावे वाटा. वाटणी मात्र होस्टेलच्या खोल्या आणि प्रॅक्टिकलच्या बॅचप्रमाणे करा. ज्याने चार वर्षे आपले जर्नल उतरवले त्याच्या फोनला माणूस नाही म्हणत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी फेसबुकवर जुन्या नावाने सापडत नाहीत. त्यांचा पत्ता रूममेटलाच ठाऊक असतो.

तारीख पक्की झाली की माणशी १,००० रुपये बयाणा घ्या, परत न मिळणारा, आणि तसे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. ज्याचा बयाणा आला तो येणार, बाकीचे शुभेच्छुक. केटररला गॅरंटी बयाणा भरलेल्यांपेक्षा पाचाने कमीच द्या. ऐन वेळी वाढलेली चार-पाच ताटे बहुतेक केटरर निभावून नेतात, पण गॅरंटीतली उरलेली ताटे कोणी वजा करत नाही. त्यासाठी ‘अंतिम आकडा कधीपर्यंत कळवायचा’ हे कोटेशनवर लेखी घ्या.

पैसे दोघांच्या संयुक्त खात्यात जमा करा, एकाच्या पगाराच्या खात्यात नकोत. यूपीआयने मित्राने मित्राला पैसे पाठवायला शुल्क पडत नाही. एकमेकांकडे पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा क्यूआर कोड टाका आणि लोकांना स्वतः भरू द्या. अमेरिका, दुबई, सिंगापूरसारख्या ठिकाणच्या मित्रांना तिथल्या मोबाइल नंबरवरून यूपीआय वापरता येते, मात्र एनआरई किंवा एनआरओ खाते लागते.

फोन न उचलणाऱ्यांत एखाद्याची नोकरी गेलेली असते. सवलतीची घोषणा ग्रुपवर करू नका. वर्गणीत माणशी शंभर-दीडशे जास्त धरा आणि त्यातून कोणाचे भरायचे हे एकट्या खजिनदाराला ठरवू द्या.

जागेबाबत एक सोय पदरात पडते. परदेशातल्यांना नाताळची सुट्टी असते तेव्हाच आपल्याकडे धनुर्मास असतो आणि लग्नांची गर्दी ओसरते. मंगल कार्यालयवाला तेव्हा भाव करायच्या मनःस्थितीत असतो. कॉलेजचा हॉल मिळाला तर उत्तमच; बहुधा साफसफाई आणि विजेपुरतेच पैसे पडतात.

मुक्कामाच्या हॉटेलात ७,५०० हा आकडा लक्षात ठेवा. दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला! शिवाय आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलाने एखादी खोली ७,५०० च्या वर दिली असेल, तिथल्या जेवणावरही १८ टक्के लागतात. साठ माणसांच्या जेवणात हा फरक चांगलाच जाणवतो. तेव्हा ‘ताट किती?’ असे न विचारता ‘टॅक्स धरून हातात किती पडेल?’ असे विचारा.

बिलात परस्पर लावलेला सर्व्हिस चार्ज देणे बंधनकारक नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे तसे निर्देश ४ जुलै २०२२ चे आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५ मध्ये कायम ठेवले. मॅनेजर हुज्जत घालू लागला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

दारूचा खर्च वर्गणीत घालू नका, टीटीएमएम ठेवा. न पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांचे बिल भरायचे, यावरून चांगल्या चांगल्या बॅचमध्ये अबोले झालेत.

प्रवास ज्याचा त्याने करावा, समितीने आठवण तेवढी द्यावी. रेल्वेचे आरक्षण आता साठच दिवस आधी उघडते, म्हणजे २५ डिसेंबरचे तिकीट २६ ऑक्टोबरला. सांगलीला येणाऱ्या महालक्ष्मी आणि राणी चन्नम्मा या गाड्या नाताळात लगेच भरतात. एसटीत राज्यातल्या प्रवासाला महिलांना निम्मे तिकीट आहे. सत्काराला येणारे सर पंचाहत्तरीपुढचे असतील तर त्यांना एसटी मोफतच, पण गाडी पाठवा. तेवढा खर्च बॅचला झेपतो.

कॉलेजला देणगी द्यायची असेल तर तिचा हिशेब वेगळा ठेवा. मेळाव्याच्या खात्यातून एकरकमी दिली की ८०जीची पावती वैयक्तिक नावावर मिळवताना घोळ होतो. प्रत्येकाने थेट संस्थेला द्यावी. २,००० च्या वरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८०जीचा उपयोगच नाही. ज्या मित्रांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे पैसे स्वीकारायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती आहे का, हे स्टेजवर आकडा जाहीर करण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.