अंगावर कोणी थुंकले तर? आधी पाणी, मग पोलीस ठाणे

थुंकण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर बसस्थानकाचे लाल कोपरे, दवाखान्याचे जिने आणि एसटीची खिडकी येते. आज याच विषयाची वेगळी बाजू पाहावयाची आहे. बांधाच्या भांडणात, उधारीच्या तगाद्यावरून, भाऊबंदकीत किंवा जीपमध्ये जागा धरण्यावरून एखादा माणूस मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडावर थुंकतो. अशा वेळी त्या दुसऱ्या माणसाने काय करावे?

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी दवाखाना चालवताना अशा भांडणांतून दोन प्रकारचे रुग्ण येतात. पहिला घाबरून विचारतो, "डॉक्टरसाहेब, मला त्याचा काही रोग तर लागणार नाही ना?" दुसरा थुंकण्यानंतर झालेल्या हाणामारीत डोके फुटलेला किंवा दात पडलेला असतो. पहिल्याला बहुधा नुसता धीर द्यावा लागतो. दुसऱ्याला टाके घालावे लागतात आणि पुढे कोर्टाच्या तारखाही त्याच्याच नशिबी येतात. म्हणजे थुंकीने जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी जास्त नुकसान तिच्या पाठोपाठच्या दोन मिनिटांत होते. ती दोन मिनिटे कशी सांभाळावीत, हेच आजच्या लेखात सांगावयाचे आहे.

थुंकी एवढी का झोंबते?

थुंकीने अंग दुखत नाही, पण मन फार दुखते. आपल्या समाजात थुंकीला अपमानाचा जुना अर्थ आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली तर दुसऱ्यांना विटाळ होईल, असे मानले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ही गोष्ट लिहून ठेवली आहे. एकाची थुंकी जमिनीवरही पडू द्यायची नाही आणि दुसऱ्याने मात्र खुशाल माणसावर थुंकावे, अशी ही रीत होती. म्हणून "एवढे काय झाले, पुसून टाक" असे म्हणणाऱ्याने थोडा विचार करावा. ज्याच्यावर थुंकले गेले त्याचा संताप खोटा नसतो.

याच विषयावर पैठणच्या नाथांची कथाही आपल्या घराघरांत सांगितली जाते. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे पुन्हा नदीत उतरले. शेवटी थुंकणाराच थकला. नाथांची शांती आपणा संसारी माणसांना साधणार नाही आणि कायदाही तेवढी अपेक्षा धरीत नाही. पण नाथांनी पहिले पाऊल पाण्याकडे टाकले, हे मात्र प्रत्येकाने घ्यावे. वैद्यकीय दृष्टीनेही पहिला उपाय पाणीच आहे.

पहिली पाच मिनिटे

थुंकणाऱ्यापासून दहा पावले मागे सरा. त्याच्या आवाक्यात राहिलात तर तो पुन्हा थुंकेल किंवा हात उगारेल. दुकान, हॉटेल, एसटीचा वाहक, जिथे चार माणसे असतील तिकडे जा. त्यानंतर :

डोळ्यात थुंकी गेली असल्यास डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार धरून दहा ते पंधरा मिनिटे डोळा धुवा. थुंकीत पान, तंबाखू किंवा गुटखा असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण त्यात चुना असतो आणि चुना डोळ्याला भाजतो. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तो किती ठिकाणी खाल्ला जातो हे आपण पाहतोच. धुतल्यावरही डोळा लाल राहिला, अंधुक दिसू लागले किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तोंडात गेली असल्यास गिळू नका. थुंकून टाका आणि चार-पाच वेळा चुळा भरा. अंगावर पडली असल्यास साबण व पाण्याने धुवा. खरचटलेल्या जागी पडली तरी साबण-पाणीच. हळद, रॉकेल, निंबाचा रस असले काही लावू नका.

रोग लागतो का?

धडधाकट कातडीवर पडलेल्या थुंकीतून रोग लागण्याची भीती जवळजवळ नसते. कातडी हे आपले चिलखत आहे. एड्सचा विषाणू थुंकीतून पसरत नाही. क्षयरोग हा रोग्याच्या खोकल्यातून हवेत उडणारे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे आत गेल्याने होतो. शर्टावर पडलेल्या थुंकीने तो होत नाही. तरीही पुढे केव्हा दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर बेडका तपासून घ्यावा. हा नियम तसाही सर्वांनाच लागू आहे.

सर्दी, फ्लू, कोविड यांचे विषाणू मात्र डोळे, नाक व तोंड यांतून शिरू शकतात. म्हणून चेहरा लगेच धुवावा आणि आठवडाभर ताप, घसादुखी यांकडे लक्ष ठेवावे.

एक अपवाद लक्षात ठेवा. थुंकणाऱ्याच्या तोंडातून रक्त येत असेल आणि ती रक्तमिश्रित थुंकी तुमच्या डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेत गेली असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. अशा वेळी धोका किती हे डॉक्टर ठरवतील. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे द्यायची झाल्यास ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि हिपॅटायटीस बी म्हणजे ब काविळीची लस घेतलेली नसेल तर ती शक्यतो २४ तासांच्या आत घ्यावी. इतर वेळी नुसत्या थुंकीसाठी धनुर्वाताचे इंजेक्शन लागत नाही आणि कॅप्सूलही लागत नाही.

राग शरीरात काय करतो?

अपमान झाला की रक्तात ॲड्रिनॅलीन उतरते. छाती धडधडते, हात थरथरतात, रक्तदाब वाढतो आणि मागचापुढचा विचार सुटतो. ही लाट ओसरायला पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात. या वेळात घेतलेला निर्णय सहसा चुकीचा ठरतो. म्हणून खाली बसा, घोटभर पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखू लागले, दरदरून घाम फुटला, तर भांडण तिथेच सोडून दवाखाना गाठावा.

बचाव कुठे संपतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाचा हक्क दिलेला आहे. समोरचा पुन्हा थुंकण्याच्या बेतात असेल, अंगावर धावून येत असेल, तर त्याला ढकलणे, त्याचा हात धरणे, मध्ये पिशवी किंवा छत्री धरणे हा तुमचा हक्क आहे. पण कलम ३७ प्रमाणे बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि कलम ४० प्रमाणे धोक्याची भीती असेपर्यंतच हा हक्क टिकतो. तो थुंकून वळला आणि चालू लागला की तुमचा बचाव संपला. त्यानंतर पाठीमागून मारलेली थप्पड हा बचाव राहत नाही, तो नवा गुन्हा होतो.

"पण त्याने आधी केले!" असे प्रत्येकजण म्हणतो. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाल्यामुळे हात उचलला असेल तर शिक्षा कमी होऊ शकते. कलम १३६ मध्ये अशा वेळी एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण कमी शिक्षा म्हणजे माफी नव्हे. आणि हाताला काही अंदाज नसतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हाड मोडणे किंवा दात पडणे म्हणजे जबर दुखापत. चिथावणी सिद्ध झाली नाही, तर त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. थुंकणाऱ्याचा गुन्हा लहान राहतो आणि ज्याच्यावर थुंकले तोच मोठा आरोपी होऊन बसतो. त्याला पकडून खांबाला बांधणे, चारचौघांनी मिळून बदडणे हेही गुन्हेच आहेत. उलट थुंकलात तर दोघेही एकाच पारड्यात.

थुंकणाऱ्यावर कोणते कलम लागते?

मारहाण झाली नाही म्हणून गुन्हा नाही, हा समज चुकीचा आहे. दुसऱ्याच्या शरीराला किंवा त्याच्या कपड्यांना त्रास देण्याच्या हेतूने एखादी वस्तू लावणे हाही कायद्याने बलप्रयोग आहे. दगड पाण्यात मारून दुसऱ्याच्या कपड्यांवर पाणी उडवणे हे उदाहरण तर खुद्द कायद्यातच दिले आहे. मग थुंकी कशी सुटेल? यासाठी कलम १३१ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. बेअब्रू करण्याच्या हेतूने केले असल्यास कलम १३३ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने केले असल्यास कलम ७४ लागते. त्यात एक ते पाच वर्षे शिक्षा आहे. कामावर असलेल्या सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी केले तर कलम १३२ आहे. आपल्याला घातक रोग आहे हे माहीत असून तो पसरवण्यासाठी कोणी थुंकला, तर कलम २७२ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत असा अपमान दुसऱ्या समाजाच्या माणसाने केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. घरातच नवरा किंवा सासरची माणसे सुनेवर थुंकत असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. भगिनींनी हे निमूटपणे सोसू नये.

तक्रार कशी द्यावी?

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत सांताक्रूझ भागात मणिपूरच्या एका तरुणीवर दुचाकीवरचा अनोळखी माणूस थुंकून पसार झाला. तिने तक्रार दिली, वाकोला पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि शोध घेऊन संशयिताला पकडले. अनोळखी माणूसही सापडू शकतो, हे यावरून दिसते. मात्र त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

थुंकी पडलेला सदरा किंवा साडी धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी येते. थुंकीत गालाच्या आतील पेशी असतात आणि त्यांवरून डीएनए तपासणी होऊ शकते. तोंड पुसलेला रुमालही तसाच ठेवा. पण पुराव्यापायी डोळा धुण्याचे थांबवू नका. पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावे लिहून घ्या. गाडीचा नंबर, वेळ, बोललेले शब्द त्याच दिवशी कागदावर उतरवा. जवळच्या दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवण्यास सांगा, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसले जाते. दवाखान्यात गेलात तर काय घडले ते केसपेपरवर लिहून घ्या.

धोका चालू असेल तर ११२ क्रमांकाला फोन करा. पोलीस ठाण्यात गेल्यावर १३१ किंवा १३३ कलमाची तक्रार अदखलपात्र म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत एन.सी. म्हणून लिहिली जाते. "नुसती एन.सी. झाली" म्हणून निराश होऊ नका. अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एन.सी.ची प्रत मागून घ्या. ती घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे स्वतः फिर्याद देता येते. कलम १३१ साठी ही मुदत एक वर्ष आणि १३३ साठी तीन वर्षे आहे. कलम ७४, १३२ आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे गुन्हे मात्र दखलपात्र आहेत. तेथे एफआयआर नोंदवण्याचा आग्रह धरा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तेथे मोफत मदत मिळते. समोरच्याने खरोखर माफी मागितली, तर १३१ व १३३ च्या प्रकरणात तडजोडही करता येते. मात्र ती गावकीच्या दबावाने न होता तुमच्या मर्जीने व्हावी.

शेवटी एक सूचना. वेडाच्या झटक्यात असलेला रुग्ण, स्मृतिभ्रंश झालेले म्हातारे माणूस किंवा लहान मूल थुंकले तर त्यामागे अपमानाचा हेतू नसतो. त्यांना उपचार आणि सांभाळ हवा. ज्याने शुद्धीवर राहून मुद्दाम हे केले, त्याला मात्र मोकळे सोडू नये. आपला हात आवरणे म्हणजे भ्याडपणा नव्हे, आणि तक्रार देणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. मागे सरा, पाण्याने धुवा, साक्षीदार गाठा, सदरा जपून ठेवा आणि पोलीस ठाण्याची पायरी चढा. ही पाच कामे घरातल्या तरुण मुलांना आजच सांगून ठेवा, कारण हात आधी उचलला जातो तो त्यांचाच.