रक्त रात्रीच का घेतात?

प्रश्न : हत्तीरोगाच्या तपासणीला आरोग्य कर्मचारी रात्री येतात, झोपलेल्या पोरांनाही उठवतात. दिवसा रक्त घेतलं तर काय बिघडतं? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : बिघडत काही नाही, पण दिवसाच्या थेंबात बहुधा काही सापडायचंही नाही. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, आपल्याकडे रात्रीच बोटाच्या रक्तात उतरतात. हे उजेडात आणलं पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने.

१८६६ मध्ये तो चिनी कस्टम्स खात्याचा डॉक्टर म्हणून तैवानला गेला आणि १८७१ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात आला. सुजलेले पाय, वाढलेले अंडकोश कापण्यातच त्याचा दिवस जाई. रक्तातल्या या अळ्या बाहेर पडतात कशा, हा प्रश्न त्याला छळत होता. संशय डासावर गेला. १८७७ मध्ये हिन-लो नावाच्या रुग्णाला त्याने डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त पिऊन टम्म फुगलेले डास गोळा केले. मग रोज काही डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. अळ्या डासाच्या पोटातून छातीच्या स्नायूंत शिरून तिथे वाढताना दिसल्या. माणसाच्या रोगाचा जंतू कीटकात वाढतो, याचा हा पहिला पुरावा. पुढे रुग्णांचं रक्त रात्रंदिवस तपासून रात्रीचा हिशेबही लागला. दिवसा अळ्या असतात कुठे, हे मात्र बऱ्याच वर्षांनी लंडनमध्ये एका रुग्णाच्या शवविच्छेदनात कळलं : फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत.

एवढा चिकित्सक माणूस, पण डास जगतो किती दिवस हे त्याने नीट पाहिलंच नाही! अंडी घालून डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असं तो धरून बसला. अळ्या डासाच्या सोंडेतून येतात, हे जॉर्ज लो या डॉक्टरने १९०० मध्ये दाखवलं. तरी मॅन्सनचं ऋण मोठं. मलेरियामागेही डासच असावा, हे १८९४ मध्ये रोनाल्ड रॉस या डॉक्टरच्या मनात त्यानेच भरवलं. १८९७ मध्ये सिकंदराबादला रॉसला डासात मलेरियाचा जंतू दिसला. १८९९ मध्ये मॅन्सनने लंडनला उष्ण कटिबंधातल्या रोगांसाठी वेगळी वैद्यकीय शाळाच उभी केली.

तेव्हा कर्मचारी आले की पोरांना उठवा, बोट पुढे करा. आणि संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्येही पोसला जातो.