मक्याचे प्लास्टिक : एका धान्यव्यापाऱ्याचा हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने प्लास्टिकावर लेख लिहावा, याचे काही सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु ज्या मक्याची पोती आम्ही रविवार पेठेत चाळीस वर्षे चढवीत-उतरवीत आलो, त्याच मक्याचे आता प्लास्टिक होऊ लागले आहे. तेव्हा हा विषय आपल्या पेढीच्या उंबऱ्याशीच येऊन ठेपला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वाचून व जाणत्यांस विचारून जे समजले, तेवढे येथे मांडतो.

प्लास्टिक म्हटले की ते खनिज तेलाचेच, अशी समजूत आहे. आरंभीची प्लास्टिके मात्र वनस्पतीपासून व दुधापासून झाली. सन १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट यांनी नत्राम्लाची क्रिया केलेला कापूस व कापूर यांपासून सेल्युलॉइड बनविले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताऐवजी दुसरे काही हवे होते, हे त्याचे निमित्त. (श्रावकास दंतवाणिज्य वर्ज्य सांगितले आहे, त्या दृष्टीने हा शोध आपणांस जवळचा वाटावा.) पुढे जर्मनीत दुधातील केसीनपासून गॅलॅलिथ निघाले व त्याची बटणे कपड्यांवर आली. तेलाच्या प्लास्टिकाचे राज्य मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचे होय.

आता मक्याची रीत पाहू. मक्यातील स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ. विकरांच्या साह्याने ती तोडून साखर मोकळी करितात व तीवर जिवाणू सोडतात. ते तिचे लॅक्टिक आम्ल बनवितात. दह्यास आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. त्यातील पाणी काढून कण पुन्हा माळेत ओवले की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजेच पीएलए नावाचे प्लास्टिक सिद्ध होते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे याचा मोठा कारखाना या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. आपल्याकडे पुण्याजवळ जेजुरीस २०२४ साली प्राज कंपनीने प्रात्यक्षिक कारखाना उभारला. उत्तर प्रदेशात बलरामपूर साखर कंपनीने उसापासून पीएलए करण्याचे काम हाती घेतले आहे. ब्राझीलमध्ये तर २०१० पासून उसाच्या अल्कोहोलाचे पॉलिथिन निघते. मात्र ते उसाचे असले तरी गुणाने तेलाच्या पॉलिथिनसारखेच असते. ते कुजत नाही. वस्तू कशापासून झाली आणि ती पुढे कुजते काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

त्यांची गल्लत आम्हांस भोवली. ‘मक्याच्या, मातीत मिसळणाऱ्या’ म्हणून एका विक्रेत्याकडून आम्ही चढ्या भावाने पिशव्या घेतल्या. त्यांतील दोन गोदामामागील लिंबाच्या आळ्यात पुरल्या. पुढचा पावसाळा सरल्यावर उकरल्या, तो वरचे अक्षरसुद्धा वाचता येत होते. मागाहून कळले की, खरे पीएलए देखील सुमारे साठ अंश उष्णता राखणाऱ्या खतकारखान्यात लवकर कुजते, घरच्या आळ्यात नव्हे. शिवाय कुजणारी पिशवी करणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते व त्याचा क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. आमच्या पिशवीवर तो नव्हता, आणि आम्ही तो पाहिलाही नव्हता. हुंडीवरची सही तपासणाऱ्यांच्या घराण्यातील आम्ही!

असो. आता मुख्य हिशेब. मक्यात शंभरास साठ ते सत्तर भाग स्टार्च असतो. एक किलो पीएलएस रसायनशास्त्राप्रमाणे सव्वा किलोहून थोडा कमी स्टार्च लागतो, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आसपास मका. घटतूट धरता दोन किलो. जगात दर वर्षी सुमारे चाळीस कोटी टन प्लास्टिक होते. ते सर्व मक्याचे करावयाचे तर ऐंशी कोटी टन मका हवा, आणि जगाचे सारे पीक सुमारे एकशेवीस कोटी टन! इतके कोणी करणार नाही हे खरे. परंतु थोड्या ओढीनेही काय होते, ते इथेनॉलच्या वेळी दिसले. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ साली बाहेरून मका आणू लागला. भाव चढला तेव्हा आमचा नफा वाढला, हे लपवीत नाही. पण दोन म्हशींचा जुना गवळी पोत्याऐवजी अर्धे पोते नेऊ लागला, हेही त्याच वहीत नोंदलेले आहे.

म्हणून आमचे मत असे की, ज्यावर कोणाचे पोट नाही, अशा मालाकडे प्रथम वळावे. चिपाड व काड यांतही साखरेचीच माळ आहे. ती अधिक चिवट असल्याने तोडण्यास खर्च अधिक येतो. संशोधकांचे श्रम तेथे लागावेत. काही ठिकाणी तर प्लास्टिकाची गरजच नाही. पोफळीच्या गळालेल्या विरी दाबून केलेली ताटे लग्नकार्यांत रूढ झाली आहेत. तागाच्या बारदानासाठी १९८७ चा कायदा आहे व सरकारी धान्य बहुतेक त्यातच भरले जाते.

आमच्या पेढीवर ज्वारी, गहू व मका पुन्हा बारदानातच भरतो. रवा-मैदा मात्र आपल्याकडील पावसाळ्यात तागात टिकत नाही, ओल धरतो. त्यासाठी आतून अस्तर लागते, आणि ते अद्याप तेलाच्या प्लास्टिकाचेच आहे.