फसलेली चाचणी पुन्हा चालविताना

विद्याविहार येथे नावारूपास आलेल्या ‘फ्रॅपे’ या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही संगणक प्रणाली हिशेब, खरेदी-विक्री व मालसाठा यांच्या नोंदी ठेवते. जीपीएल परवान्यामुळे तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. बोरिवलीचा वा मुलुंडचा विद्यार्थीही तीत दुरुस्ती सुचवू शकतो. अशी दुरुस्ती आली की ‘गिटहब’वरील यंत्रणा तिच्या चाचण्या आपोआप घेते. हिरवी खूण म्हणजे उत्तीर्ण, तांबडी फुली म्हणजे अनुत्तीर्ण.

फुली पाहून नवखा योगदाता गोंधळतो. वास्तविक, पुष्कळदा दोष त्याच्या दुरुस्तीत नसतोच. एखादी फाईल नेटवर्कअभावी उतरत नाही, डेटाबेस वेळेवर सुरू होत नाही, तारखेवर अवलंबून असलेली चाचणी महिनाअखेरीस अडखळते. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेथील सुमारे १६ टक्के चाचण्या कमीअधिक प्रमाणात अशा लहरी होत्या. संहिता तीच, निकाल मात्र निरनिराळा.

यास्तव प्रथम चाचणीचा लॉग वाचावा. फसलेल्या चाचणीचा बदललेल्या भागाशी संबंध आहे काय, मुख्य शाखेतही ती फसत आहे काय, एवढे पाहिले की बहुधा उलगडा होतो.

दोष बाहेरचा असल्यास चाचणी पुन्हा चालविणे रास्त होय. केवळ फसलेला भाग पुन्हा चालविण्याची सोय गिटहबने २०२२ मध्ये केली. तथापि ती भांडारात लिहिण्याचा अधिकार असलेल्यांनाच, आणि तीही मूळ चाचणीपासून ३० दिवसांपर्यंतच मिळते. इतरांनी कारण नमूद करून देखभालकर्त्यांस विनंती करावी. रिकामी कमिट पाठवूनही चाचण्या सुरू होतात. पण त्या साऱ्याच्या साऱ्या, आणि इतिहासात एक निरर्थक नोंद कायमची राहते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. पुनर्चाचणी जुन्याच संहितेवर होते. दोष मुख्य शाखेत होता व तो आता दूर झाला असेल, तर केवळ पुनर्चाचणीने फुली जाणार नाही; ती शाखा आपल्या दुरुस्तीत मिळवून घ्यावी.

रोकडवहीचा मेळ दुसऱ्या खेपेस बसला, तरी पहिल्या खेपेस काय चुकले हे लेखापरीक्षक विचारतोच. दोन नोंदी एकाच क्षणी आल्या असता क्वचित उमटणारा दोष तिसऱ्या फेरीत दिसेनासा होईल, पण एखाद्या दुकानदाराच्या खातेवहीत पुन्हा डोके वर काढील. म्हणून हिरवी खूण मिळाल्यावरही फसलेल्या चाचणीचे नाव, वेळ व लॉग यांसह स्वतंत्र तक्रार नोंदवावी. जुने लॉग कालांतराने पुसले जातात. त्यातील त्रुटीचा मजकूर तक्रारीतच उतरवून ठेवणे इष्ट.