दरीतल्या घरी फोन वाजला

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, एका खोल दरीत, वीसपंचवीस घरांची एक वाडी आहे. तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूस ओढा. घरे जांभ्या दगडाची, कौलारू व जाड भिंतींची. वाडीत वीज आहे, नळ आहे, मोबाइलही आहेत. नव्हती ती एकच गोष्ट, ती म्हणजे रेंज. कोणाशी बोलावयाचे झाले, की फोन घेऊन अर्ध्या तासाची चढण चढावी आणि वरच्या सड्यावर जावे. तेथे करवंदीच्या जाळीपाशी एक मोठा कातळ आहे. मुले त्याला ‘टेलिफोनचा दगड’ म्हणत.

या वाडीतील एक आजी दर रविवारी काठी टेकीत त्या दगडापर्यंत जात असे. तिचा धाकटा भाऊ मुंबईस राहत होता. त्याच्या घरी साधा, बटणांचा फोन होता. भावाबहिणीचे चार शब्द होत, एकमेकांची खुशाली कळे आणि दिवेलागणीच्या आत आजी खाली उतरे.

एका आषाढात झड लागली. सड्याची वाट निसरडी झाली. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, तेव्हा आजीचा नातू तिचा फोन घेऊन वर गेला. कातळावर पाय ठेवतो न ठेवतो तोच फोन थरथरला. न लागलेल्या कॉलच्या सूचना एकामागून एक येऊ लागल्या. सर्व कॉल एकाच क्रमांकाचे होते. नातवाने तो क्रमांक फिरविला. आजीचा भाऊ दोन दिवसांपूर्वीच वारला होता.

नातवाने खाली येऊन हे सांगितले, तेव्हा आजी बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. मग एवढेच म्हणाली, “मी घरातच होते रे. कुठं गेले नव्हते.”

हे शब्द नातवाच्या मनास लागून राहिले. त्याचे कारण निराळे होते. चैत्रात त्यांच्या घरी इंटरनेटची तार आली होती. ज्या रात्री मुंबईहून आजीला फोन लावला जात होता, त्याच रात्री तो त्याच फोनवर इंटरनेटच्या साहाय्याने क्रिकेटचा सामना पाहत होता. दूरदेशीचे चित्र घरात येत होते. मुंबईचा आवाज मात्र येत नव्हता. असे का व्हावे?

शाळेत जाताच त्याने हा प्रश्न गुरुजींना विचारला. गुरुजी क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “बाळ, तुझ्या घराला वाटा दोन आहेत. एक आकाशातली आणि एक तारेतली. फोन पहिल्या वाटेवर उभा राहून वाट पाहत होता, आणि ती वाट तर डोंगराने अडविली आहे. दुसरी वाट मोकळी होती; पण तिकडून आवाज घ्यावा, असे त्या फोनला कोणी सांगितलेच नव्हते.”

नंतर त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावून दिले. नेहमीचा कॉल मनोऱ्याकडून रेडिओलहरींच्या रूपाने येतो. डोंगराच्या आड या लहरी पोहोचत नाहीत, आणि जाड भिंतींतून जाताना त्या क्षीण होतात. घरात इंटरनेट असेल, तर तोच कॉल दुसऱ्या मार्गाने आणता येतो. या सोयीस ‘वाय-फाय कॉलिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याच्या आवाजाचे अंकांत रूपांतर होते व एका सेकंदाचे सुमारे ५० लहान तुकडे पडतात. हे तुकडे सांकेतिक कुलपात बंद करून, घरातील राउटरमधून व तारेतून फोन कंपनीच्या केंद्राकडे धाडले जातात. केंद्र सिमकार्डावरून ग्राहकाची ओळख पटविते आणि पुढे तो कॉल इतर कॉलसारखाच मार्गी लावते.

“पण गुरुजी, इंटरनेटवरून बोलण्याचे अ‍ॅप तर आमच्या फोनवर आहेच!” नातू म्हणाला.

“तसले अ‍ॅप दोन्ही टोकांना असावे लागते,” गुरुजींनी खुलासा केला. “तुझ्या मामीआजींचा फोन साधा आहे. वाय-फाय कॉलिंगला समोरच्याकडे इंटरनेट नको, अ‍ॅपही नको. आजींचा नेहमीचा क्रमांक लावला, की पुरे.”

सायंकाळी नातवाने आजीचा फोन हाती घेतला. ही सोय फोनमध्ये व कंपनीकडे, दोन्हीकडे असावी लागते; ती असल्याची त्याने खात्री करून घेतली. मग सेटिंग उघडून सिमकार्डाच्या विभागात ‘वाय-फाय कॉलिंग’ हे शब्द शोधले व त्यापुढील बटण सुरू केले. परीक्षेची युक्तीही गुरुजींनी सांगितली होती. त्याने फोन प्रथम विमान-मोडवर ठेवला, म्हणजे मनोऱ्याशी संबंध तुटला. नंतर केवळ वाय-फाय सुरू केले आणि गुरुजींना फोन लावला. पलीकडून गुरुजींचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग विमान-मोड काढून टाकावयास तो विसरला नाही.

भावाच्या तेराव्या दिवशी दुपारी घरात फोन वाजला. त्या घरात असा फोन आजवर वाजला नव्हता. आजीने सवयीप्रमाणे काठी उचलली आणि ती दाराकडे निघाली. भावजयीचा आवाज कानी पडताच ती बोलत बोलत अंगण ओलांडून वाटेला लागली. तोच आवाज तुटू लागला. नातू धावत गेला व म्हणाला, “अगं आजी, सड्यावर नको. घरातूनच बोल.” आजी ओसरीवर येऊन बसली आणि दोघी बराच वेळ गेलेल्या माणसाविषयी बोलत राहिल्या.

आजी दूर जाताच आवाज तुटला, याचे कारण उघड आहे. राउटरच्या लहरी थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतात. बाहेर मनोऱ्याची चांगली रेंज असती, तर चालू कॉल त्या वाटेवर जाऊ शकला असता. दरीत ती वाटच नव्हती. या सोयीच्या आणखीही मर्यादा आहेत. वीज गेली की राउटर बंद पडतो व फोनही मुका होतो. म्हणून नातवाच्या वडिलांनी राउटरला लहानशी बॅटरी जोडून घेतली. तसेच, ११२ सारख्या तातडीच्या क्रमांकाला या मार्गाने कॉल लागेलच, असे नाही. त्याची चौकशी कंपनीकडे आधीच करावी. जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा आणि संकटकाळी बोलताना आपले गाव, वाडी व खूण प्रथम सांगावी.

विद्युत्‌लहरींचे हे शास्त्र भारतास नवे नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्याच शहरातून ३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिला मोबाइल कॉल दिल्लीस लागला. वाय-फाय कॉलिंगची सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये प्रथम दिल्ली परिसरात, व जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर सुरू केली.

साधन घरात येणे ही एक गोष्ट, आणि त्याचा पुरता उपयोग ठाऊक असणे ही दुसरी. या दोहोंतले अंतर सड्याच्या चढणीहून मोठे असते. ते तोडण्यास नातवाला एक प्रश्न पुरला. पुढे त्याने वाडीतील ज्या ज्या घरी इंटरनेटची तार होती, तेथे जाऊन ते बटण सुरू करून दिले. टेलिफोनचा दगड अजून तेथेच आहे. आता मुले तेथे करवंदे खाण्यास जातात.

अभ्यास

१. “मी घरातच होते रे,” या आजीच्या शब्दांनी नातवाला अधिक वाईट का वाटले?
२. गुरुजींनी सांगितलेल्या ‘दोन वाटा’ कोणत्या?
३. विमान-मोडची युक्ती कोणती गोष्ट सिद्ध करते?
४. ‘मनास लागून राहणे’, ‘मार्गी लावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरातील कोणत्या साधनाचा पूर्ण उपयोग होत नाही? त्याविषयी दहा ओळी लिहा.