दुकान मांडलंस, आता पाटी लाव

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला. "ताई, वेबसाइट तयार आहे, पण चालू करायला हात धजत नाही. काही चुकलं तर नोटीस येईल का गं?" आधी पाणी पी. दोन पोरांचे डबे भरून, सोसायटीची भिशी सांभाळून तू चाळीस किलो मसाला एकटीने कांडून आणलास. हे त्याहून अवघड नाही.

खरं सांगू का, यामागचा विचार साधा आहे. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर आपण मिरची घेतो तेव्हा मिरचीवाली समोर बसलेली असते, वजन डोळ्यांदेखत होतं, मिरची किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे नेऊन ठेवता येते. वेबसाइटवर गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून कायदा म्हणतो, ते लिहून दाखव. जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले, त्यांचा गाभा एवढाच. कधीमधी घरातली जुनी वस्तू विकणाऱ्याला ते लागू नाहीत. पण तू नियमाने धंदा करणार आहेस, तेव्हा तुला लागू.

तर पहिली पाटी तुझी स्वतःची. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव. त्या व्यक्तीला 'तक्रार निवारण अधिकारी' म्हणतात. घाबरू नकोस, ती तूच. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात ती मिटवायची, एवढं मात्र पाळावंच लागतं. घरचा पत्ता जगाला दाखवायची तुला धास्ती वाटते, ती मला कळते. मलाही वाटली होती. पण पत्ता लपवता येत नाही गं. धंद्यासाठी वेगळं सिम घे, घरचा नंबर कुठेही देऊ नकोस, आणि वॉचमनला सांगून ठेव की पार्सलवाल्याशिवाय कोणाला वर सोडायचं नाही. पुढे गाळा घेतलास की तिथला पत्ता टाक.

आता मी केलेली मोठी चूक ऐक, म्हणजे तू करणार नाहीस. पहिल्या वेबसाइटच्या वेळी 'अटी व नियम' हे पान मी लंडनच्या एका दुकानाच्या साइटवरून जसंच्या तसं उचललं. इंग्रजी भारदस्त वाटलं, वाचलं कोणी? त्यात लिहिलं होतं की १४ दिवसांत कारण न देता ऑर्डर रद्द करता येईल, आणि वाद झाला तर इंग्लंड व वेल्सचा कायदा चालेल. नागपूरच्या एका बाईंनी गोडा मसाल्याचं पाकीट उघडून, आठवडाभर वापरून परत पाठवलं आणि माझंच पान माझ्यापुढे धरलं. निमूट पैसे परत केले. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला ती १४ दिवसांची मुभा कायद्यानेच आहे, लवकर नासणाऱ्या पदार्थांसारखे काही अपवाद सोडून. आपल्याकडे नुसतं मन बदललं म्हणून माल परत घ्यायची सरसकट सक्ती नाही. पण माल खराब निघाला, दाखवला त्यापेक्षा वेगळा निघाला किंवा कबूल केलेल्या दिवसानंतर पोचला, तर 'नाही' म्हणायची सोय नाही. आणि बघ, २०१९ च्या ग्राहक कायद्याने गिऱ्हाईक आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतं. त्या बाई नागपुरातच दाद मागू शकल्या असत्या आणि मला भाईंदरहून हेलपाटे पडले असते. तेव्हा परतीचं पान स्वतःच्या शब्दांत लिही, मराठीत लिही, आणि झेपेल तेवढंच कबूल कर.

तू पाठवलेलं नमुन्याचं पाकीट हातात घेऊन बघितलं. वास घमघमतोय! पण स्टिकरवर काय लिहिलंयस? 'घरगुती चव, सुमारे पाव किलो'. हे चालणार नाही गं. निव्वळ वजन २५० ग्रॅम असं ठाम हवं. सगळे कर धरून एमआरपी, बनवणारीचं नाव-पत्ता, ग्राहकांसाठी फोन, घटक पदार्थ, शाकाहाराची हिरवी खूण, किती महिने टिकेल ते, आणि अन्न नोंदणीचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. हा नंबर १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही लागतो. वजन, किंमत, नाव-पत्ता हे सगळं वेबसाइटवर मालाच्या फोटोखालीही दिसलं पाहिजे. बनवल्याचा महिना तेवढा तिथे नसला तरी चालतो. किंमत लिहिताना कुरिअरचे पैसे शेवटच्या पानापर्यंत दडवू नकोस, एकूण आकडा समोर ठेव.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने ती लाल पट्टी टाकली आहे ना, 'फक्त २ पाकिटं शिल्लक'? घरात चाळीस किलो असताना? काढून टाक. गिफ्ट पॅकिंगच्या वीस रुपयांवर आधीच केलेली टिकही काढ. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी आणली, त्यात या दोन्ही बसतात. आणि नणंदेला 'गिऱ्हाईक' बनवून पाच चांदण्या द्यायला लावू नकोस. तेही नियमात बसत नाही.

जीएसटीचं मात्र सीएकडे जाऊनच विचार. मालासाठी वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे तू ऐकलंस ते बरोबर, पण ते महाराष्ट्रात विकण्यापुरतं. मसाल्याची एक ऑर्डर सुरतला गेली की नोंदणी आलीच. आपल्या भाईंदरात निम्म्या शेजारणींची माहेरं गुजरात-राजस्थानात, म्हणजे ती ऑर्डर पहिल्याच महिन्यात येणार! नोंदणी होईतोवर डिलिव्हरी 'फक्त महाराष्ट्रात' अशी ठेव. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नकोस.

अजून एक. गिऱ्हाइकांचे नंबर म्हणजे त्यांनी विश्वासाने दिलेली ठेव. एका दिवाळीत मी सगळ्यांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं आणि सत्तर बायकांचे नंबर एकमेकींना दिसले. एकीला नको ते फोन यायला लागले. ते अजून मनाला लागून आहे. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. तू आत्ताच चार ओळी लिही: कोणती माहिती घेते, कशासाठी घेते, पुसायची असेल तर कोणाला सांगायचं. ही सूचना मराठीतही देता येते.

आज रात्री पोरं झोपली की फक्त पत्त्याचं आणि परतीचं पान लिही. स्टिकर उद्या. लिहून झालं की मला पाठव, मी जागी आहे.